हलवलं नाही, झिंजाडलं

त्या दुपारी सून कापूस वेचायला गेली होती आणि तीन महिन्यांची नात माझ्याजवळ होती. सकाळपासून रडत होती. रडता रडता एकदम ताठ झाली, श्वास अडकला, ओठ काळेनिळे पडले. मी घाबरले. दोन्ही हातांनी तिला उचललं आणि "रड ना माय, रड!" म्हणत जोरानं झिंजाडलं. मान मागेपुढे होत होती, ते मला दिसत होतं. तरी हात थांबले नाहीत.

ती रडली. मग मात्र मलूल पडली. संध्याकाळी सून आली, तर दूध ओढेना.

"काय झालं वो आई?"

"लय रडली दुपारी. जरा हलवलं मी."

जीपनं दारव्ह्याला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "बाळ पडलं होतं का?"

"नाही जी. रडून राह्यली होती, तं आईनं जरा हलवलं," सून म्हणाली.

"पोट दुखत असेल. थेंब देतो," म्हणत ते चिठ्ठी लिहू लागले.

मी दाराशी उभी होते. डॉक्टरांसमोर मी बोलत नाही. माझं दुखणंही दुसरंच कोणी सांगतं. पण हलवतात तो पाळणा. कुत्रा घूस तोंडात धरून झिंजाडतो. बोरीचं झाड झिंजाडतात, बोरं पडावी म्हणून. माणसाला झिंजाडलं, हे भांडणातच ऐकू येतं. आणि मी ते एवढ्याशा लेकराला केलं होतं. चिठ्ठी अर्धी होत आली होती.

"हलवलं नाही जी, झिंजाडलं," मी म्हटलं.

डॉक्टर बाहेरगावचे. "म्हणजे कसं?"

मला सांगता येईना. हातात लेकराच्या कपड्यांची थैली होती. ती दोन्ही हातांनी धरून तसंच करून दाखवलं. लंगोट, टोपडं खाली पडलं. सून माझ्याकडे पाहतच राहिली.

डॉक्टरांनी पेन ठेवला. नातीची टाळू चाचपली, डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता यवतमाळला न्या."

गाडीत सून एवढंच बोलली, "मले खरं काहून नाही सांगितलं?"

"भेव वाटलं तुहं."

यवतमाळला कळलं, नातीच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. चौथ्या दिवशी नातीनं दूध ओढलं. त्यानंतर सुनेनं तिला माझ्या मांडीवर ठेवलं, पण मानेखालचा आपला हात काढला नाही. मीही काढ म्हटलं नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.