एका सुईला पाच माणसं

एरवी डॉक्टरकडे माणूस नंबर लागला की आत जातो, चिठ्ठी घेतो आणि औषधाच्या दुकानाकडे पळतो. किस्से घडायला वेळच मिळत नाही. ॲलर्जीच्या इंजेक्शनचं तसं नाही. सुई टोचायला दोन सेकंद लागतात आणि त्यानंतर अर्धा तास तिथंच बसावं लागतं, काही त्रास होत नाही ना हे बघायला. गेली दोन वर्षं आम्ही शनिवारी सकाळी हा अर्धा तास बसतोय. आता इतकी माणसं समोरासमोर खुर्च्यांवर बसवल्यावर ती गप्प कशी राहतील, तुम्हीच सांगा.

इंजेक्शन फक्त सईला, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला. धूळ आणि गवताचे पराग यांचं तिला वावडं. शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत, मग छातीत घरघर. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत ती निफाडला माझ्या माहेरी राहायला गेली आणि दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून आजोळी मुक्काम बंद. माझ्या आईनं तिच्यासाठी स्वतःच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती, ती न वापरताच पेटीत गेली. मला त्या गोधडीचं फार वाईट वाटायचं.

सई पहिल्याच भेटीत डॉक्टरांना म्हणाली, "शिंका आल्या तरी चालतील. पण मला निफाडला राहता आलं पाहिजे."

डॉक्टर म्हणाले, "दोन्हीचं बघू. तुम्ही फक्त शनिवार चुकवू नका."

* * *

आम्ही जातो ते सगळेच. गाडी चालवायला नवरा, धीर द्यायला मी, डबा घेऊन सासूबाई आणि घरी एकटा ठेवता येत नाही म्हणून सईचा धाकटा भाऊ ओम. पहिल्या दिवशी सिस्टरांनी आमची वरात पाहिली आणि विचारलं, "यात पेशंट कोण?"

सईनं सरळ बाबाकडे बोट दाखवलं.

पाच मिनिटांत ते खरंही झालं. माझा नवरा अंबडला कारखान्यात दिवसभर पत्रा कापायच्या मशीनपुढे उभा असतो. पण लेकीच्या दंडावर सुई टेकली आणि त्याला घाम फुटला. सिस्टरांनी सईला सोडून त्याला धरलं, खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. सईनं स्वतःच कापूस दाबून धरला आणि बाही खाली करत म्हणाली, "सिस्टर, बाबांनाही अर्धा तास बसवा. मगच सोडा."

तेव्हापासून नवरा पार्किंगमध्ये थांबतो. विचारलं तर म्हणतो, गाडीकडे कुणीतरी बघायला हवं.

* * *

सुई टोचल्यावर सिस्टर त्या जागेभोवती पेनानं एक गोल काढतात. अर्ध्या तासानं सूज गोलाच्या बाहेर गेली तर डॉक्टरांना बोलवायचं, नाही गेली तर घरी जायचं. इतकी साधी पद्धत.

ओमला सुई नको होती, पण गोल हवा होता. दुसऱ्या शनिवारी त्यानं बाही वर करून टेबलापाशी ठाणच मांडलं. सिस्टर भल्या बाई. त्यांनी त्यालाही गोल काढून दिला आणि अर्ध्या तासानं तितक्याच गंभीरपणे तपासला. मग ते दर शनिवारी सुरू झालं.

महिन्याभरानं त्याच्या शाळेच्या डायरीत बाईंची चिठ्ठी आली. "वर्गातल्या बहुतेक मुलांच्या हातावर पेनाचे गोल आहेत. विचारलं तर ओमनं तपासायला काढले म्हणतात. कृपया येऊन भेटावे."

मी भेटायला गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच विचारलं, "त्यानं माझ्याही हातावर काढलाय. पुसला तर चालेल ना?"

* * *

सासूबाईंना तिथं कुणाचं नाव लक्षात राहत नाही, ॲलर्जी राहते. "ते मांजरवाले आज आले नाहीत गं," "ती अंडीवाली किती सुकलीय." चिवड्याचा डबा फिरवायच्या आधी त्या प्रत्येकाला काय चालत नाही ते विचारतात, म्हणून सिस्टरही त्यांना काही म्हणत नाहीत.

एकदा त्यांनी मांजरवाल्या तरुणासाठी चक्क स्थळ सुचवलं. मुलगी चांगली, नोकरीवाली, पत्रिकेचं बंधन नाही. तो लाजून म्हणाला, "आजी, त्यांच्या घरी मांजर नाही ना?"

सासूबाई म्हणाल्या, "मांजर नाही. पण तिची आई घरात असते, तेवढं सोसावं लागेल."

* * *

गंगापूर रोडच्या पलीकडचे एक तात्या नातवाला घेऊन यायचे. त्यांची फुलशेती. एका शनिवारी त्यांनी सिस्टरांसाठी शेवंतीची भली मोठी परडी आणली. दारात पाऊल टाकलं आणि आतून तीन ठिकाणांहून शिंका आल्या. सिस्टरांनी परडी उचलली आणि पळत गेटबाहेर नेऊन ठेवली.

तात्या खजील होऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "लय चुकलं ताई. आमच्याकडं फूल हाय म्हणून भाकर हाय. अन् ह्या पोराला फूलच चालत नाय. करावं काय?"

सासूबाईंनी डबा पुढे केला आणि तात्यांनी मूठभर चिवडा घेतला. जाताना ते सिस्टरांना म्हणाले, "पुढल्या टायमाला कोबी आणतो. त्याला कोण शिंकत नाय."

* * *

एक किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. एका शनिवारी नवऱ्याची शिफ्ट बदलली, पुढच्या शनिवारी सासूबाईंचा गुडघा धरला, त्याच्या पुढच्या शनिवारी घरी पाहुणे. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, पुढच्या वेळी सगळे मिळून जाऊ. चौथ्या शनिवारी गेलो तेव्हा डॉक्टरांनी फाइल पाहिली, डोस खाली आणला आणि पुन्हा हळूहळू चढवावा लागेल म्हणाले. म्हणजे निफाड आणखी लांब गेलं.

गाडीत बसून घरी निघालो. इंदिरानगर आल्यावर सई म्हणाली, "सुई मला एकटीलाच टोचतात ना? मग मला कुणीही एकानं नेलं तरी चाललं असतं."

मला फार लाज वाटली. नंतर एकदा नवरा कामावर, मी तापानं आडवी, तर सासूबाई दुखऱ्या गुडघ्यानं रिक्षा करून तिला घेऊन गेल्या. डबा न्यायला मात्र विसरल्या नाहीत.

* * *

यंदाच्या मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस पाठवून बघा. औषध सोबत द्या."

निफाडला माझ्या आईनं पेटीतून गोधडी काढली, कढत पाण्यात तीनदा धुतली आणि आठवडाभर कडक उन्हात घातली. भाऊ येऊन दोन्ही मुलांना घेऊन गेला. सूचना देऊन देऊन माझं तोंड दुखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आईचा फोन आला. "जेवली. आता आडवी व्हतीय अन् गोधडी मागतीय. देऊ का?"

मी म्हटलं, "दे. पण अर्धा तास नीट लक्ष ठेव आणि मग मला फोन कर."

दीड वाजला, फोन नाही. दोनला मी केला, कुणी उचलला नाही. भावाला केला, तो शेतात, त्याला रेंज नाही. अडीचपर्यंत मी सहा वेळा केला. नवऱ्यानं गाडीची किल्ली घेतली, सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या. तीनला फोन उचलला गेला.

"आई, काय झालं? फोन का घेत नाहीस?"

"हळू बोल," आई कुजबुजली. "फोन पलीकडच्या खोलीत ठेवलाय. आता पाणी प्यायला उठले तर ऐकू आला. पोरगी झोपलीय."

"आणि तू काय करतेयस?"

"तूच म्हणालीस ना अर्धा तास बघ म्हणून? बघतीय."

"आई, तीन वाजले."

"वाजू दे. काय बी नाय झालं तिला. ओमनं तिच्या हातावर पेनानं गोल काढून दिलाय, त्याच्यावरच नजर हाय माझी. जेवढा काढला तेवढाच हाय बघ."