पंचेचाळीसच्या वरचं कार्ड

बाईंच्या शोकसभेत मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि माझ्या पर्समध्ये एक कार्ड होतं. सभा हवामान कार्यालयाच्या जुन्या मशीनच्या खोलीत होती. आता तिथे खुर्च्या आणि पडदा असतो. साहेब बोलत होते. हे साहेब वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान. ते म्हणाले की या शहरात संगणकाला पहिली आज्ञा लिहिणारी व्यक्ती म्हणजे बाई. मान्य. मग म्हणाले, बाईंचा प्रोग्राम आजही चालतो आहे आणि अर्धशतकात त्यातली एक ओळही बदलावी लागली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, त्या बत्तिशीच्या. त्यांचं लग्न मशीनशी लागलंय असं लोक म्हणायचे, आणि त्या म्हणायच्या, "निदान ते घोरत नाही." मशीन चार कपाटांएवढं होतं. त्याला गरम झालेलं चालत नसे, म्हणून अख्ख्या कार्यालयात तेवढी एकच खोली गार. बाहेर डांबर वितळत असायचं आणि आत आम्ही दोघी स्वेटर घालून उन्हाळ्याचे आकडे भरायचो. शिपाई दिवसातून सहा वेळा काहीतरी निमित्त काढून आत यायचा.

माझं काम कार्डं टोचण्याचं. साठ केंद्रांवरून तापमानाच्या नोंदी हाताने लिहून यायच्या, मी त्या पाहून जाड कागदाच्या कार्डांना मशीनवर भोकं पाडायची. भोकं वाचून मशीन आकडे समजायचं. बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात 'टोचणी' म्हणायला सुरुवात केली. पुढे माझं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं.

प्रोग्रामही कार्डांवरच असायचा. एका कार्डावर एक आज्ञा, अशी चारशे बारा कार्डं. ती शिपायाच्या हातून पडली असती तर क्रम लावता लावता दिवस मोडला असता. म्हणून बाईंनी गठ्ठा नीट ठोकून त्याच्या कडेवर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली होती. रेघ सरळ जुळली की क्रम बरोबर. असल्या साध्या गोष्टी त्यांना सुचायच्या. मोठ्या गोष्टी सुचणारी माणसं कार्यालयात पुष्कळ होती, आणि त्यांच्या गठ्ठ्यांचा कायम काला झालेला असायचा.

आता माझी चूक सांगते. मी पोटुशी होते, सातवा महिना. नवरा त्याच वर्षी गेला होता. घरी माझ्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं. एके दिवशी मी अडतीसच्या जागी अठ्ठावन्न टोचलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शहराचं तापमान अठ्ठावन्न छापून आलं. लोक दोन दिवस पोट धरून हसले. तेव्हाच्या साहेबांना हसू आलं नाही. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं त्यांनी मला बाईंच्या देखत सांगितलं.

दुपारी बाईंनी मला एक नवं कार्ड टोचायला दिलं. त्याच्या वरच्या कडेला त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: "४५ च्या वर – कालचा आकडा." म्हणजे पंचेचाळीसच्या वरची नोंद आली की मशीनने ती टोचणाऱ्याची चूक समजायची, ती सोडून द्यायची आणि आदल्या दिवशीचा आकडाच पुढे न्यायचा. तोवर आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे कधी गेलाच नव्हता. बाई म्हणाल्या, "आता तू काहीही टोच. वर पोचणार नाही." ते कार्ड मीच टोचलं. गठ्ठ्यात घालून त्याच्या कडेवर रेघ जोडून घेतली. माझी नोकरी राहिली, आणि त्या नोकरीवर माझा मुलगा वाढला.

मग मशीन गेलं, दुसरं आलं, तिसरं आलं, आता तर खिशात मावतील इतकी छोटी झाली. दर वेळी कुणीतरी बाईंचा प्रोग्राम उचलून जसाच्या तसा नव्या घरात नेऊन ठेवला. चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? ते कार्ड आम्ही दोघीही विसरलो. सोनाराने कान टोचावे म्हणतात, पण आमच्या बाबतीत ते काम एका कूलरवाल्याने केलं.

हा कूलरवाला म्हणजे बाईंचा भाचा. निवृत्तीनंतर बाई त्याच्याकडे राहायच्या. त्याचं पंख्यांचं आणि कूलरचं दुकान. दर उन्हाळ्यात माल पुरत नाही, गिऱ्हाइकं भांडतात, आणि हा गृहस्थ रविवारी आरामखुर्चीत बसून सांगणार की हवामानबदल वगैरे सब झूट, उन्हाळा पूर्वीही असाच होता, माणसंच नाजूक झाली. मी रविवारी बाईंकडे जायची, म्हणजे हे ऐकणं आलंच. बाई त्याच्याशी जीव तोडून भांडायच्या. झाडं कधी फुलतात, विहिरी कधी आटतात, सगळं सांगायच्या. तो हसून म्हणायचा, आकडे दाखवा.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यानेच आकडे आणले. पन्नास वर्षांचा आलेख छापून आणला होता. रेघ हळूहळू वर चढत होती आणि पंचेचाळीसपाशी पोचली की कुणीतरी हात ठेवून दाबल्यासारखी सपाट. "मावशी, हे तुमच्याच मशीनचे आकडे आहेत. मशीन खोटं बोलत नाही, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. पंचेचाळीसच्या वर एकदाही गेलं नाही, बघा."

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. त्याला वाटलं, जिंकलो. मी कागदाखालच्या, त्या वर्षीच्या रोजच्या आकड्यांच्या कोष्टकावरून बोट फिरवत होते, जुनी सवय. मे महिन्यात एका ठिकाणी बोट अडलं. चव्वेचाळीस पॉइंट आठ. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस पॉइंट आठ. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही तेच. मी तीस वर्षं आकडे टोचलेत. पाच दिवस ओळीने पारा दशांशासकट एकाच जागी बसत नाही. मी वर पाहिलं तर बाई माझ्या बोटाकडेच बघत होत्या.

"टोचणी," त्या म्हणाल्या, "ते कार्ड."

भाच्याला काही कळलं नाही. आम्ही सांगितलं तेव्हाही त्याला पटलं नाही. हरल्यावर माणसं असंच काहीतरी काढतात, असा त्याचा चेहरा. मला मात्र त्याची फिकीर नव्हती. मला काळजी वेगळीच होती. माझा मुलगा रस्त्यावर डांबर टाकतो. आदल्या वर्षी नियम झाला होता की तापमान सेहेचाळीसच्या वर गेलं की दुसऱ्या दिवशी बारा ते चार उघड्यावरचं काम बंद. आकडा कार्यालयाचा धरायचा. नियम झाला म्हणून आम्ही किती खूश झालो होतो. आणि तो लागू कधीच झाला नव्हता. आम्हाला वाटायचं, नशीब, अजून तेवढं तापलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी बसने कार्यालयात गेलो. बाईंचे गुडघे गेलेले, जिना चढायला पाव तास लागला. तिथला इंजिनियर भला माणूस होता. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि बाईंच्या सांगण्यावरून शोधत शोधत तासाभरात ती आज्ञा काढलीही. डब्यात डबा आणि त्यात डबा, तशी ती आत बसलेली. त्याने ती पडद्यावर दोनदा वाचली. मग म्हणाला की मला हात लावता येणार नाही. एवढ्या वर्षांचे आकडे यावर उभे आहेत, धरणाचे हिशेब, विजेचे हिशेब. समिती बसावी लागेल. बाईंनी विचारलं, केंद्रांच्या मूळ वह्या कुठे आहेत, त्यांवरून जुने आकडे तरी दुरुस्त करता येतील. तो म्हणाला, मधे कार्यालय काही वर्षं दुसऱ्या इमारतीत होतं, तिथून परत इकडे आलं तेव्हा वह्या रद्दीत गेल्या.

"मागचं राहू दे," बाई म्हणाल्या. "आजपासून तरी काढा. एक ओळ आहे. मी लिहिली, मीच सांगतेय, काढा."

तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुम्ही आता इथे नाही आहात."

चुकीचं काही बोलला नाही तो. पण बाईंना ते फार लागलं. बसमध्ये त्या माझा हात धरून बसल्या. त्या कुणाचा हात धरणाऱ्यातल्या नव्हत्या.

मग अर्ज. एक, दोन, तीन. बाई सांगायच्या, मी लिहायची. तीनदा एकच उत्तर आलं, आपली सूचना विचाराधीन आहे. मीही सुनेला घेऊन दोनदा जाऊन आले. मुलाला काम सोड म्हटलं, तर तो म्हणाला, सोडून करू काय?

या उन्हाळ्यात बाई गेल्या. भाचा म्हणाला, वय झालं होतं. त्यांच्या कपाटात बुटांच्या खोक्यात तो गठ्ठा सापडला, कडेवर फिकी लाल रेघ. रेघेत एका जागी पुसटशी पायरी होती, कार्ड मागाहून घातल्याची. मला शोधायला एक मिनिटही लागलं नाही.

तर शोकसभा. साहेबांनी मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी काय काय ठरवून आले होते. पण माईक पुढे आल्यावर एवढंच निघालं: "हे कार्ड माझ्या चुकीसाठी बाईंनी लिहिलं. मी टोचलं. यामुळे आपलं मशीन पंचेचाळीसच्या वरचा उन्हाळा फेकून देतं. माझा मुलगा रस्त्यावर काम करतो. हे काढा."

मागे कुणीतरी नाक ओढलं. साहेब पुढे आले, त्यांचे डोळे खरंच भरले होते. त्यांनी ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाले, एवढ्या वर्षांनंतरही स्वतःकडे चूक घ्यायची, ही त्या पिढीची निष्ठा. हा ठेवा आपण जपू. पुन्हा टाळ्या झाल्या. इंजिनियर तेवढा टाळ्या वाजवत नव्हता, भिंतीकडे बघत होता. मी कार्ड परत मागितलं नाही. इथे राहिलं तर कधीतरी कुणीतरी वाचेल, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी पेन्शनच्या कागदासाठी गेले तेव्हा ते दरवाजाशी काचेत लावलेलं होतं. खाली पितळी पाटी, बाईंचं नाव आणि वर्षं. कार्ड उलटं लावलं होतं, खालची कड वर. पेन्सिलीचं अक्षर चौकटीखाली दबून गेलं होतं. मी शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, आजी, कार्डात वरखाली काय असतं.

आज सकाळी पेपर आला. चव्वेचाळीस पॉइंट आठ, चौथा दिवस. काल दुपारी माझ्या खिडकीतल्या थर्मामीटरवर सत्तेचाळीस होतं, तो बाईंनीच दिलेला. मुलगा बूट घालत होता. मी थर्मामीटर खिळ्यावरून काढून त्याच्या पुढे धरला आणि कालचा पारा कुठे होता ते बोटाने दाखवलं. म्हटलं, हा घेऊन जा, मुकादमाला दाखव, मी येते बरोबर.

"आई," तो म्हणाला, "मुकादम पेपर बघतो."

त्याने पंचा ओला करून डोक्याला गुंडाळला. बाटली भरलेली होतीच. मी दुसरी भरून त्याच्या पिशवीत ठेवली, आणि तो जिना उतरून गेला.