दिगंबरच्या छळाची हकीकत

टोकियोतल्या निशी-कसाईत राहणाऱ्या दिगंबरला आपला कुणीतरी छळ करावा, अशी फार इच्छा होती. तीन वर्षांपूर्वी तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या रविवारच्या सभेला जाऊ लागला. तिथे पुजारी नाही, मूर्ती नाही, भजन नाही. सगळ्यांनी मिळून तासभर गप्प बसायचं. एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या दिगंबरला ते चक्क मानवलं. मग त्याने वाचलं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात या लोकांनी न्यायाधीशापुढे टोपी काढायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंग पत्करला. दुसऱ्याच दिवशी त्याने एक लोकरी टोपी विकत घेतली. अडचण एवढीच, की टोकियोत ती काढा असं त्याला कुणी म्हणेना.

संधी यंदाच्या जानेवारीत आली. कामाच्या पहिल्या दिवशी त्याचा सगळा विभाग शिंतो देवळात जाऊन वर्ष चांगलं जावं म्हणून प्रार्थना करतो. आठ वर्षं दिगंबरही टाळ्या वाजवून वाकत आला होता. यंदा त्याने नकाराचं भाषण जपानीत पाठ केलं आणि नोकरी गेलीच तर घरी कसं सांगायचं, तेही ठरवून ठेवलं. देवळाच्या दारात तो दोन वाक्यं बोलला असेल-नसेल, तोच विभागप्रमुख मोरी-सान म्हणाले, "हो का? मग जरा बॅगा सांभाळाल? किमुरा-सानही थांबतात."

दिगंबरच्या अंगाखांद्यावर अकरा बॅगा लटकल्या. उरलेलं भाषण त्याने गिळलं.

निवृत्तीला आलेल्या किमुरा-सान दरवर्षी बाहेर थांबतात, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्याची बॅगही त्याच धरत होत्या.

"आम्ही नागासाकीकडच्या बेटावरचे ख्रिस्ती," त्या म्हणाल्या. "आमच्या पूर्वजांनी अडीचशे वर्षं देव कपाटात लपवला. सापडले त्यांना मारलं. मला नुसत्या बॅगा धराव्या लागतात, माझं बरं चाललंय. तुमच्या घरी सगळेच क्वेकर?"

"नाही, माझी बायको वीणा पूजा करते. आधी देव्हारा हॉलमध्ये होता. पण मला बसायला शांतता लागते, म्हणून आता तो..." दिगंबर अडखळला. "कपाटात आहे."

"अस्सं," किमुरा-सान अदबीने म्हणाल्या. "कुणाच्या भीतीने?"

दिगंबर अकराही बॅगा पुन्हा मोजू लागला.

संध्याकाळी घरी येताच त्याने बूट काढले आणि टोपीसकट कपाटापुढे जाऊन दार सरकवलं. गाद्यांच्या वरच्या फळीवर वीणाचे बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा दाटीवाटीने बसले होते. पुढे सेलवरचा दिवा होता. घंटेच्या लोलकाला लेकीचा, ओजस्वीचा, लहानपणीचा मोजा चढवून वर दोरा गुंडाळला होता. घंटा वाजवणं वीणाने आपणहून सोडलं, असं तो तीन वर्षं समजत होता. बायको किती समजूतदार आहे, हे त्याने सभेत कौतुकाने सांगितलंही होतं.

"हे कधी केलंस?"

"तूच म्हणाला होतास ना, आवाजाने तुझी शांतता मोडते." वीणा मटार सोलत होती. "न वाजवता पूजा करायला मला जमेना. मग मोजा चढवला. वाजवल्यासारखं तरी होतं."

दिगंबरला लाज वाटली. टोपीखाली कान तापले. त्याने टोपी काढून बाजूला ठेवली, घंटा उतरवून घेतली आणि तिथेच खाली बसून दोऱ्याची गाठ सोडवू लागला. ती चांगलीच घट्ट बसली होती.