वानखेडे साहेबांची बोअर आणि शुभदाची विहीर

शुभदाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात गच्चीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवत होते.

"माधू, ब्लॉगवर देवळं आणि घाट पुष्कळ झाले. आता जरा माणसांवर लिही. आमच्या संस्थेला सल्लागारांचे परिचय हवेत. शास्त्रज्ञ स्वतःबद्दल लिहायला बसले की एक तर दोन ओळी लिहितात, नाही तर वीस पानं."

"तू कुठल्या जातीतली?"

"वीस पानांच्या. म्हणून तर बोलावतेय. आणि लवकर ये, आमच्यात भांडण लागलंय. ते संपायच्या आत ये."

शुभदा आणि मी नागपूरच्या एकाच कॉन्व्हेंटमध्ये, एकाच बाकावर शिकलो. शाळेच्या मैदानातलं डबक्याचं पाणी ती जॅमच्या बाटलीत भरून वर्गात आणायची आणि खिडकीशी धरून तासन्‌तास बघायची. सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी एक दिवस वर्गात बेडूक आणणार. बेडूक नाही आणला, पण पाण्यातच तिचा जन्म गेला. मी लग्न होऊन पुण्याला आले. ती नागपुरात राहिली, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, प्रयोगशाळेत गावोगावचं पाणी तपासत निवृत्त झाली आणि आता गावांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला सल्ला देते.

भांडण काय ते गाडीत बसण्याआधीच मला कळलं होतं. कुही तालुक्यातल्या एका गावात सगळे बोअरचं पाणी पितात. शुभदाच्या तपासणीत त्यात फ्लोराइड जास्त निघालं. त्यानं मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं धरतात. गावात एक जुनी विहीर आहे, तिचं पाणी या बाबतीत चांगलं आहे. पण ती बंद केलेली आहे. बंद करा म्हणून सांगणारे आणि बोअरची जागा दाखवणारे होते भूगर्भशास्त्रज्ञ वानखेडे साहेब. तेही याच संस्थेचे सल्लागार. गावाचा त्यांच्यावर इतका विश्वास की ते बोलल्याशिवाय विहीर उघडणार नाही. आणि ते बोलायला तयार नव्हते.

पुण्याहून रात्रीची गाडी घ्या, सकाळी नागपूर. जायचं असेल तर थंडीतच जा. उन्हाळ्यात मी माझ्या वैऱ्यालाही पाठवणार नाही. स्टेशनवर शुभदा गळ्यात मफलर, पायात बूट अशी उभी होती. केस पूर्ण पांढरे. मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "पोहे खाऊ, मग रड." तर्री-पोहे खाल्ले. तर्री पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणते, त्यामुळे कशाला रडतेय ते कुणाला कळत नाही, ही एक सोय.

संस्थेचं ऑफिस जुन्या नागपुरातल्या महाल भागात, भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर. चारचाकी बाहेरच्या रस्त्यावर ठेवून गल्लीत चालत जावं लागतं. स्कूटरवाले मागून हॉर्न वाजवतात आणि पुढून "चला ना मावशी" म्हणतात. माळ्यावर वानखेडे साहेब आधीच येऊन बसले होते. सत्तरी पार केलेला उंच, सावळा माणूस, डाव्या हाताचा अंगठा जरा वाकडा. तो खडकावर हातोडा मारताना मोडला होता.

मी परिचयासाठी विचारत गेले आणि ते तुटक उत्तरं देत गेले. शेतकऱ्याचा मुलगा, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकला. नोकरी लागली ती दुष्काळाच्या वर्षांत. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून खाली पाणी आहे का ते पाहायचं यंत्र सायकलला बांधून गावोगाव फिरायचे. पूर्व विदर्भातल्या कठीण खडकात पाण्याची फट शोधण्याची त्यांची रीत पुढे इतरांनी उचलली.

"म्हणजे तुमच्या नावाची पद्धत?"

"नावाचं काय? पाणी लागलं की लोक देवाचं नाव घेतात, नाही लागलं की माझं."

तिसरे सल्लागार, धानाच्या जाती तयार करणारे बिसेन सर, आलेच नव्हते. त्यांची मळणी सुरू होती. वाऱ्यात न लोळणारा धान त्यांनी काढला, असं शुभदानं सांगितलं. त्या धानाला त्यांचं नाव नाही, फक्त नंबर आहे.

मग चहा आला आणि भांडणही आलं.

"तुमचा रिपोर्ट मी नाकारतच नाही, मॅडम," वानखेडे म्हणाले. "पण ती विहीर मी उगाच बंद केली नव्हती. हगवणीनं मुलं गेली होती त्या गावात. मी पाहिलंय. उद्या पुन्हा तसं झालं तर?"

"विहीर उपसू, कठडा उंच करू, वरून झाकण, औषध, दर पंधरा दिवसांनी तपासणी. हगवण थांबवता येते, साहेब. वाकलेलं हाड सरळ करता येत नाही."

"बरोबर आहे. तुम्हीच सांगा मग. मी तिथं नुसता बसेन."

शुभदानं कप जरा जोरात ठेवला. कॉन्व्हेंटमध्येही ती चिडली की असंच कंपास ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वाचकांपैकी कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर दिवसभराची गाडी ठरवा. कुहीपर्यंत एसटी आहे, पण आतल्या गावांना गाड्या कमी, आणि परतीची चुकली तर मुक्काम. उमरेड रोडनं शहर मागे पडलं की डावीकडे कुहीचा फाटा. धान कापून झालेला, त्याच बांध्यांमध्ये लाखोरी या कडधान्याची निळी फुलं, खळ्यावर तणसाचे, म्हणजे पेंढ्याचे ढीग. ऊन असं कोवळं की मला उगाच शाळेच्या हिवाळी सुटीची आठवण झाली. पुढच्या सीटवर वानखेडे साहेब ड्रायव्हरला खडक दाखवत होते आणि ड्रायव्हर बिचारा प्रत्येक खडकाला "हो जी" म्हणत होता.

वाटेत आम्ही देवकाबाईंना गाडीत घेतलं. आता या कोण, ते सांगते, कारण या संस्थेची ही पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही. सल्लागाराची ओळख संस्था करून देत नाही. ज्या गावात त्यानं आधी काम केलं, तिथल्या माणसानं नव्या गावात येऊन ती करून द्यायची. बरं-वाईट सगळं बोलायचं. लग्न जुळवताना आपण मुलाच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करतो ना, तसंच. देवकाबाई शुभदाच्या आधीच्या गावच्या. हिरवं लुगडं, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, मांडीवर घरच्या मिरच्यांची पिशवी.

गावच्या समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या होत्या. सरपंच वनिताताई, तिशीतली चुणचुणीत बाई, म्हणाल्या, "सुरू करा."

देवकाबाई उठल्या. "ह्या बाई लय चिडतात. पह्यले सांगून ठेवते. याईनं आमच्या गावात पाण्याचं फिल्टर आणलं. दोन महिन्यांत बंद पडलं. आमी म्हटलं, गेली आता बाई, आता काहून येते? पण आली. पुन्हा बंद पडलं, पुन्हा आली. आमच्यावरच चिडली, तुमी धूत नाई म्हणून. आता मी रोज धुते. तिच्या भेवानं." लोक हसले. "आमच्या लहान पोट्ट्याइचे दात पांढरे येऊन राह्यले. माह्या मोठ्या पोराचे पाहाल तर तो हसतच नाई." त्या खाली बसल्या.

मी पर्समध्ये शुभदाच्या पुरस्कारांची यादी आणली होती. ती तशीच राहू दिली.

वानखेडे साहेबांची ओळख याच गावानं करून द्यायची होती. त्यासाठी दौलतराव उठले. पांढरं धोतर, काठी, साहेबांच्याच वयाचे. उठताना त्यांना दोघांनी धरलं. त्यांचे गुडघे वाकत नव्हते. "याइची काय ओळख? माह्याच घरी उतरत होते हे. सात जागी मशीन लावलं, आठव्या जागी पाणी लागलं. आमी नारळ फोडला अन्‌ साहेब रडले. आमची पोट्टी जगली ते याइच्या पाण्यावर. बस."

मग शुभदा बोलली. साधं, नीट. पण गावानं मान डोलावली नाही. मागून एकजण म्हणाला, "पह्यले म्हणता विहीर बंद करा, आता म्हणता उघडा. तुमच्यातच ठरवून या ना मॅडम." एका बाईनं विचारलं, "उकळलं तर जाते का ते?" "नाही जात," शुभदा म्हणाली, "पाणी आटतं, ते तेवढंच राहतं." "दिसत नाई, वास नाई, चव नाई. मंग आहे कशावरून?"

शुभदानं वानखेड्यांकडे पाहिलं. ते सतरंजीकडे पाहत होते.

तेवढ्यात दौलतरावांनी घरून पितळेचा पेला मागवला. साहेब गावात आले की त्यांच्या बोअरचं ताजं पाणी पहिलं त्यांना, असा तिथला रिवाज. सून बोअरवरून भरून घेऊन आली, दौलतरावांनी स्वतःच्या हातानं पेला पुढे केला. "घ्या साहेब. तुमचंच."

वानखेड्यांनी पेला घेतला. दोन्ही हातांत धरून बसले. मग खाली ठेवला.

"हे मी पिणार नाही, दौलतराव."

आपल्याकडे दिलेलं पाणी नाकारणं काय असतं, ते मी सांगायला नको. दौलतराव म्हणाले, "माह्या हातचं पाणी नाई म्हणता?"

"तुमच्या हातचं नाही. माझं पाणी आहे हे. मी काढून दिलं. त्या वेळी मी पाणी किती आहे ते मोजलं, त्यात काय आहे ते पाहिलं नाही. तेव्हा आम्ही कुणीच पाहत नव्हतो. मॅडमनी पाहिलं." त्यांनी पेला आणखी बाजूला सरकवला. "धुणं धुवा, ढोरांना पाजा, वाडीला सोडा. पिऊ नका. तुमचे गुडघे मी मघाशी पाहिले, दौलतराव. वयानंही धरले असतील. पण माझ्या बोअरनं धरले नाहीत, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही."

दौलतराव सुनेच्या आधारानं उठले. काठी घेतली आणि निघून गेले.

पुढचं सगळं वनिताताईंनी ठरवलं. विहीर उपसायची, ढोरांचा हौद लांब न्यायचा, कठडा बांधायचा. शुभदासमोर अट टाकली: "तपासायले तुमीच यायचं. पोरगा नाई पाठवायचा." शुभदा म्हणाली, "पंधरा दिवसांनी या वेळी हजर." तिचे डोळे भरले होते आणि या वेळी समोर तर्री नव्हती.

जेवण झकास होतं: गोळाभात, वर कडकडीत फोडणीचं तेल, आंबट कढी, लाखोरीची भाजी. देवकाबाईंनी मला मिरच्यांची पिशवी देऊन टाकली. वानखेडे साहेबांनी दोन घास खाल्ले. परतीच्या रस्त्यावर त्यांनी एकही खडक दाखवला नाही. डिघोरी नाक्यापाशी गर्दीत अडकलो तेव्हा एवढंच म्हणाले, "जाताना त्यानं रामराम घातला नाही." शुभदानं मागच्या सीटवरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भांडण तिनं जिंकलं होतं, पण ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती.

पुण्याला आल्यावर परिचय लिहायला बसले. शुभदाचा लिहिला: पदव्या दोन ओळींत आणि देवकाबाईंचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं. ती चिडली, मग म्हणाली, असू दे. बिसेन सरांनी धानाचा नंबर कळवला, फोटो पाठवला तोही लोंबीचा. वानखेडे साहेबांपाशी अडले. ते गाव त्यांच्या कर्तृत्वात धरायचं की वगळायचं? शेवटी फोनच केला.

"पाणी लागलं, असं लिहा," ते म्हणाले. "पिण्याजोगं नाही हे नंतर कळलं, असंही लिहा. दोन्ही एकाच वाक्यात. मध्ये पूर्णविराम देऊ नका."

तसंच लिहिलंय.

ही नोंद लिहायला मला उशीर झाला तो त्या म्हाताऱ्या दौलतरावांमुळे. लोक मला विचारतात, या वयात प्रवासातून काय आणतेस? या वेळी मिरच्या आणल्या आणि ती जड काठी जमिनीवर टेकत गेल्याचा आवाज. विहीर उघडली, पहिला नमुना चांगला आला, हे शुभदानं कळवलं होतं. तपासणीला जाते तेव्हा वानखेडे साहेबही न बोलावता तिच्या गाडीत बसतात, बाटल्या धरतात, हेही कळवलं होतं. पण दौलतराव विहिरीचं पाणी पीत नाहीत, साहेबांसमोर येत नाहीत, असंच दर वेळी ऐकत होते.

परवा मी वानखेडे साहेबांना पुन्हा फोन केला.

"गेलो होतो," ते म्हणाले. "त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो. बराच वेळ आतून कुणी आलं नाही. मग तोच आला, काठी टेकत. म्हणाला, साहेब, चहा घ्याल का?"

"मग?"

"घेतला."

"कुठल्या पाण्याचा होता?"

"विचारलं नाही, ताई," ते म्हणाले.