हिरवी गाडी आणि नारळाची शेंडी

मी गाडी धुतली. माझा गुन्हा एवढाच. पण गाडी सासऱ्यांची होती, जुनी विलायती होती, दोनच सीटची, वर दुमडता कापडी टप असलेली, आणि गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती वसईजवळ गिरीज गावच्या वाडीत, केळीचे घड ठेवायच्या शेडमध्ये उभी होती. मी ती नारळाच्या शेंडीने धुतली. साबण लावून, पितळी तांब्या घासावा तशी.

धुतली कारण ती बघायला नाशिकहून एक बाई येणार होत्या. जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करून रस्त्यावर आणणाऱ्या. इंटरनेटवर जाहिरात टाकायचं काम माझ्याकडे होतं, कारण घरात माझ्या हातून बाकी काही होत नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. बाईंच्या आधी तिघे येऊन गेले होते. एकाला ती हॉटेलच्या दारावर, वरती टांगायची होती. दुसऱ्याला लग्नाच्या हॉलमध्ये फोटोसाठी. तिसऱ्याने बॉनेटवर टिचकी मारून वजन किती भरेल ते विचारलं. सासऱ्यांनी तिघांनाही चहा पाजून परत पाठवलं.

"मला ती चालताना बघायची आहे," ते म्हणाले. "आणि वय ब्याऐंशी झालंय, जावईबापू. तेव्हा जरा लवकर."

घरात ते त्यांच्या वाडीच्या बोलीत बोलतात. माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखं, कारण मी जावई. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मी त्या घरात पाहुणाच आहे.

ते तरुण असताना मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यावर वाडीतली भाजी पोचवायचे. साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा त्यांनी त्याच्याकडून ही गाडी घेतली. गावात बैलगाड्या होत्या आणि त्यांच्यामधून हे हिरव्या गाडीतून, शेजारी सासूबाई, सासूबाईंच्या मांडीवर वांग्यांची टोपली. मग मुलं झाली. दोन सीटमध्ये संसार मावेना, आणि गाडी शेडमध्ये गेली.

तर नाशिकच्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "जशी आहे तशी राहू द्या. धूळसुद्धा पुसू नका."

आता आपल्याकडे पाहुणे फोनवर 'आमच्यासाठी काही करू नका हं' म्हणतात, तेव्हा इकडे श्रीखंडासाठी चक्का टांगला जातो. मी तसंच समजलो. बिचाऱ्या संकोचाने म्हणत असतील. सकाळी लवकर येऊन, कोणाला न सांगता, शेंडी घेऊन बसलो. बादलीतलं पाणी हिरवं होत गेलं. मला वाटलं, किती ते शेवाळ! चार बादल्या शेवाळ काढलं. मग कंबर धरली, आणि गाडीची डावी बाजू राहून गेली. त्या कंबरेचे मी आजही आभार मानतो.

बाई आल्या. पन्नाशीच्या, नखांत काळं ग्रीस. शेडच्या दारात थबकल्या. उजवी बाजू बघितली, डावी बघितली, पुन्हा उजवी.

"हे कोणी केलं?"

"जावई," सासरे म्हणाले. 'वाळवी' म्हणावं तसं.

"अहो, मूळ रंग होता हा! पहिल्या दिवसाचा! तो जपायलाच तर मी..." बाई पत्र्यावरून हात फिरवत म्हणाल्या. पत्रा छान चमकत होता. मी बादलीकडे बघितलं. बादलीत ती गाडी होती.

बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "काही बोलू नका. श्वाससुद्धा जपून घ्या."

 सासरे नुसते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. बाईंनी नाही म्हटलं तर पाचवं गिऱ्हाईक कधी येणार, हे त्यांनी मनात मोजलं असावं. मला पहिल्यांदाच खरोखर लाज वाटली.

बाईंनी सुस्कारा सोडला. "इंजिन तर गंजून धरलंच असणार," म्हणत सीटमागचं इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल काढलं, गाडीच्या पुढच्या भोकात घातलं आणि सगळं वजन टाकून जोर लावला. हँडल इतकं सहज फिरलं की बाई जवळजवळ बंपरवर आपटल्या.

"फिरतंय?" त्या सासऱ्यांकडे वळल्या. "चाळीस वर्षं उभी आहे ना?"

"दसऱ्याला हार घालतो," सासरे म्हणाले. "हार घातला की प्लग काढून आत थोडं थोडं ऑइल सोडायचं आणि हँडल मारायचं. पूजा करायची म्हणजे नुसतं हळदकुंकू कसं चालेल?"

"दर वर्षी?"

"तापात होते त्या वर्षीसुद्धा," सासूबाई सुकेळ्यांची, घरच्या वाळवलेल्या केळ्यांची, बशी पुढे करत म्हणाल्या. "मला म्हणाले, तू मार हँडल. मारलं मी. पातळ खोचून!"

बाई हसायला लागल्या. एक सुकेळं तोंडात टाकून पुन्हा हँडल फिरवलं, मग उगाचच आणखी एकदा. "रंगाचं मी बघते. डावी बाजू आहे नमुन्याला. नेते मी ही."

"चालवणार ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"वर्षभरात इथे दारात आणून उभी करते. तुम्हाला बसवून समुद्रापर्यंत. फक्त पावसात नाही."

"पावसातच तर मजा," सासरे म्हणाले, आणि मग लगेच, "बरं, बरं. उन्हाळ्यात या."

पुढच्या रविवारी टेम्पो आला. गाडी चढवताना मला दहा पावलं लांब उभं केलं होतं. टेम्पो वाडीच्या वळणावर दिसेनासा झाला तसे सासरे म्हणाले, "चला, जेवू." दोनदा भात घेतला.

संध्याकाळी स्कूटरवरून वसई रोडला घरी परतत होतो. मी मनाशी म्हटलं, आता रंगाचं निघणार. वाटेत उमेळे गावाजवळ बायको म्हणाली, "अहो, आज भात अगदी मऊ झाला होता, तरी एरवी एवढ्यावरून भांडणारे बाबा आईला एका शब्दाने बोलले नाहीत. मला काळजीच वाटतेय. सकाळी फोन करून बघते, भांडतायत ना ते."