आमच्या गल्लीत नको

माझा धाकटा भाऊ सावद्याहून केळीचे ट्रक घेऊन दिल्ली-पंजाबकडे जायचा. तिकडेच त्याला नशेच्या सुईची सवय लागली. आधी पाठदुखीसाठी, मग झोपेसाठी, मग नुसतीच. हाताला गळू घेऊन तो जळगावला माझ्या घरी आला. नवरा एवढंच म्हणाला, "तूच बघ आता."

त्याच सुमारास एका संस्थेने व्यसनमुक्ती केंद्रासाठी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गाळा भाड्याने मागितला. तिथे रोज नर्ससमोर जिभेखाली गोळी ठेवायची, म्हणजे तलफ कमी होते. ज्यांचं टोचणं सुटतच नाही, त्यांना जुनी सुई घेऊन नवी द्यायची. हे ऐकलं आणि किती तरी दिवसांनी मी स्वस्थ जेवले.

मंदिराच्या मंडपात सभा झाली. संस्थेचा डॉक्टर समजावून सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, "काही देशांत तर नर्सच्या देखरेखीखाली टोचूही देतात, म्हणजे माणूस दगावत नाही." तिथेच सभा त्याच्या हातून गेली.

"म्हणजे इथे बसून टोचणार?"

"नाही हो, इथे फक्त गोळी..."

कोणी ऐकेना. मग मी उभी राहिले.

"तुम्ही ज्याच्याबद्दल बोलताय, तो माझा भाऊ आहे. तो आजही याच गल्लीत राहतो. केंद्र आलं नाही म्हणून तो कुठे जाणार नाही. संडासाचं दार लावून टोचेल."

शेजारचे नाना हळू आवाजात म्हणाले, "तुना भाऊसाठे वाईट वाटस, माय. पन आपली गल्लीमा नको."

त्यांच्यावर मला रागावताही येईना. भावाला तापात दवाखान्यात नेलं होतं ते त्यांनीच, स्वतःच्या रिक्षातून.

गाळ्याचे मालक शेठजी बाहेर भेटले. "ताई, मला अडचण नव्हती. पण बाकीचे दुकानदार ऐकत नाहीत." त्यांनी संस्थेला नकार कळवला होता.

तसं केंद्र धुळ्यात होतं. आम्ही रोज सकाळच्या एसटीने जाऊ लागलो. नर्स गोळी द्यायची, ती विरघळेपर्यंत तो तिच्यासमोर बसायचा, मग परतीची गाडी. घरी पोचेपर्यंत दुपार टळायची. एके दिवशी तो उठलाच नाही. "अक्का, मला नाही जमत हे रोजचं," म्हणाला. मलाही जमत नव्हतं. त्या आठवड्यात त्याने पुन्हा सुई घेतली.

शेवटी त्याला धुळ्यातच खोली बघून दिली. गॅरेजमध्ये काम करतो. गोळी चालू आहे, मधूनमधून चुकते. रविवारी मी डबा घेऊन जाते. तो बाही वर करून हात दाखवतो, मी न विचारताच. मी बघते, आणि त्याच्या खाटेवर थोडा वेळ आडवी होते.