मामांची आजन्म जागा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या तमाम मराठी माणसांत, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या वरिष्ठ सभागृहात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोण कोण बसत होतं हे तोंडपाठ सांगणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. 'एकच' हा आकडा मी तपासलेला नाही. एरवी न तपासलेला आकडा मी लिहीत नाही. गाड्यांचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे बघण्यात माझी चोवीस वर्षं गेली आहेत आणि घरीसुद्धा मी पोळ्या मोजून खातो असा माझ्यावर आरोप आहे. तो खरा आहे. पण या बाबतीत दुसरा कुणी असलाच, तर त्याने आमच्या नोव्हाय गावाला जरूर यावं. मामांना फार बरं वाटेल.

मामा स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेलेले नाहीत. त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांचे ब्रेक बनवण्यात काढली, निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मामी गेल्या. घरात करायला काही नाही म्हणून ते लायब्ररीच्या रद्दी पुस्तकांच्या सेलला गेले. हवं होतं टोमॅटोच्या लागवडीवरचं पुस्तक. हाती लागला पुठ्ठा निघालेला एक जाडजूड ग्रंथ, ज्यात त्या सभागृहाच्या सभासदांच्या याद्या होत्या: नाव, धंदा, नेमणूक केव्हा, जागा रिकामी केव्हा आणि कशाने. सभासद निवडून येत नसत. त्यांची नेमणूक व्हायची, ती तहहयात, आणि पगार शून्य. खालच्या सभागृहाने घाईघाईने काही मंजूर केलं की यांनी ते अडवून धरायचं, एवढंच काम. मामांनी ते वाचलं आणि त्यांना आयुष्याचा अर्थ सापडला. "जावईबापू," ते मला म्हणाले, "गाडी पळवणारे पुष्कळ असतात. पण देशाला ब्रेक लावायला अख्खं सभागृह बांधलं, ही माणसं थोर!"

तेव्हापासून ही मंडळी आमच्या घरच्या जेवणाला येऊ लागली. मामा त्यांना नावाने न बोलावता धंद्याने बोलावत: 'आपला लोकरवाला', 'तो साखरेच्या मळ्यांचा म्हातारा', 'दारूच्या भट्टीवाले'. लोकरवाला हजेरीला पक्का, पण भाषण एकच करायचा. भट्टीवाल्यांचं दिवाळं निघालं आणि जागा गेली, हे सांगताना मामा भात कालवायचे थांबत. माझी मुलगी इथेच जन्मलेली. ती एकदा न राहवून म्हणाली, "आजोबा, दे आर ऑल डेड!" मामा शांतपणे म्हणाले, "मेले म्हणून काय झालं? हजेरी लागलेली आहे ना?" या उत्तरावर हसायला हवं होतं. मी मान डोलावली.

आणखी एक सांगतो. दुसऱ्या राष्ट्राशी निष्ठेची शपथ घेतली की त्या सभागृहातली जागा रद्द होत असे. मामांनी निवृत्तीनंतर एकदाचं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा शपथविधीला आम्ही तिघंही गेलो होतो. सगळे छोटे झेंडे हलवत होते, मामा मात्र जरा उदास. मी विचारलं, भारताची आठवण येते का? "तसं नाही," ते म्हणाले. "आता आपली क्वीन्सलँडची शक्यता गेली." तुमचं ते सभागृह केव्हाच बरखास्त झालंय, असं मी त्यांना सांगितलं नाही. ते त्यांना माहीत होतं. नवे सभासद मुद्दाम आत भरून, त्यांच्याच मतांनी ते सभागृह बंद केलं गेलं, हे शेवटचं प्रकरण त्या ग्रंथात होतं, पण मामा ती पानं उघडत नसत.

अशा माणसाच्या हाती मराठी मंडळाची घटना दुरुस्त करायचं काम द्यायला नको होतं. दिलं कुणी, तर मी, मंडळाच्या बैठकीत त्यांचं नाव सुचवून. मंडळाची कार्यकारिणी म्हणजे तिशीतली, सॉफ्टवेअरमधली मुलं, सगळे निर्णय फोनवर अंगठे दाखवून घेणारी. त्यांच्यावर देखरेखीला मामांनी 'ज्येष्ठ सभा' नावाचं वरिष्ठ सभागृह काढलं. सभासद सात, नेमणूक तहहयात, मानधन शून्य. अध्यक्ष मामा. सचिव मी, त्रेपन्नाव्या वर्षी सभेतला सर्वांत लहान. मला ते सगळं मनापासून आवडलं हे कबूल करायला हवं. विशेषतः कलम अकरा: लेखी आणि सकारण रजा न घेता जो सभासद लागोपाठ दोन सभांना येणार नाही, त्याची जागा रिकामी झाली. हे कलम मामांनी क्वीन्सलँडवरूनच उचललं होतं, 'सकारण' हा शब्द तेवढा पदरचा. मी ते इतक्या वेळा वाचलं की बायको म्हणाली, "मी लिहिलेली पत्रं तरी इतकी वाचली होतीस का रे?"

ज्येष्ठ सभेचं पहिलं मोठं काम म्हणजे गणपतीचं जेवण. कार्यकारिणीने मसालेभाताच्या जागी पावभाजी ठरवली. आम्ही तो ठराव फेरविचारार्थ परत पाठवला. तो तसाच परत आला. आम्ही पुन्हा पाठवला, यावेळी तीन हरकती नोंदवून. शेवटी सभेने पाच विरुद्ध दोन मतांनी पावभाजी अडवली, तेव्हा लोकांनी ती खाऊन नऊ दिवस झाले होते. कार्यकारिणीची अध्यक्ष, नागपूरची मुलगी, मला म्हणाली, "काका, तुम्ही लोक नेमकं काय करता, सांगा ना यार." मी तिला इतिवृत्त पाठवलं. अकरा पानी.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. आमच्या सभा दर दोन महिन्यांनी, रविवारी दुपारी तीनला, कम्युनिटी सेंटरात होत. दोन वर्षं झाल्यावर मी हजेरीचा तक्ता केला. बारा सभा, एकसष्ट हजेऱ्या, सरासरी पाच पूर्णांक शून्य आठ. ही वाढवता येईल असं मला वाटलं. मी प्रत्येकाला फोन करून सोयीची वेळ विचारली, उत्तरांना गुण दिले आणि सभा शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला नेली. मामांना विचारलं नाही, कारण त्यांची हजेरी बारापैकी बारा होती. त्यांच्याकडून वाढ होण्यासारखी नव्हती.

नोव्हेंबरच्या सभेला मामा आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "गाडीचं जरा काम निघालंय." मी 'गैरहजर' लिहिलं. जानेवारीतही आले नाहीत, म्हणाले सर्दी आहे. मी सुचवलं, "मामा, रजेचा दोन ओळींचा अर्ज टाका ना." ते म्हणाले, "बघू." आणि अर्ज आला नाही. दोन सभा, दहा हजेऱ्या, सरासरी पाच. म्हणजे माझ्या सुधारणेने सरासरी शून्य पूर्णांक शून्य आठने घसरली होती, पण त्या वेळी माझं लक्ष कलम अकरावर होतं. मी नोटीस टाइप केली. बायकोने ती प्रिंटरवर वाचली.

"स्वतःच्या मामेसासऱ्याला नोटीस?"

"कलम त्यांचंच आहे."

"आणि मामा कुणाचा आहे?" ती म्हणाली. "त्या माणसाला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चार माणसांत बसायला मिळतं. तेही काढून घे. तक्त्यात बसत नसेल तर काय करणार बिचारा तू!"

हे टपालाने पाठवणं बरं दिसणार नाही एवढं मला कळलं, म्हणून शनिवारी सकाळी मी स्वतःच गेलो. बर्फ पडून चार दिवस झाले होते. मामांच्या ड्राइव्हवेवर एकाही चाकाची खूण नव्हती. ते मी पाहिलं, मनात नोंदवलं आणि पुढे गेलो. नोंदवणं आणि समजणं यांत माझं नेहमी थोडं अंतर राहतं. मामांनी दार उघडलं, लखोटा घेतला, खिडकीपाशी नेला, मग परत माझ्या हातात दिला. "मोठ्याने वाचा," ते म्हणाले. "नोटीस लिहिणाऱ्यानेच वाचून दाखवायची असते." मला वाटलं, हीही क्वीन्सलँडचीच पद्धत असेल. मी उभा राहून, विरामचिन्हांसकट वाचली. मामांनी पूर्ण ऐकून घेतली.

"मसुदा उत्तम आहे. अर्ज का केला नाही म्हणून विचारत होतात ना? अर्जात कारण लिहावं लागतं, जावईबापू. सकारण. तो शब्द मीच घातलाय."

"मग लिहायचं होतं."

"संध्याकाळी समोरून गाडी आली की तिचा दिवा माझ्या डोळ्यांत फुटतो. आधी वाटलं, दुपारचं चालेल. आता डॉक्टर म्हणतात दुपारीही नको." ते हसले. "एकतीस वर्षं लोकांच्या गाड्या थांबवल्या. आता माझी थांबली, हे सात प्रतींत इतिवृत्तात छापून घेऊ?"

मी नोटीस फाडतो म्हणालो. ते एकदम ताठ झाले. "अजिबात नाही! पहिल्याच माणसाला सूट दिलीत तर उद्या कुणासाठी ब्रेक लागणार आहे? जागा रिकामी झाली. लिहून टाका." सभेला घेऊन जाईन म्हणालो, तर म्हणाले, बिगरसभासदाला सचिवाने गाडीतून आणणं बरं दिसत नाही. घरी येताना मी गाडीत त्या तक्त्याचा विचार करत होतो. वेळ बदलण्याआधी विचारायचे सहा फोन होते. मी पाचच केले होते. माझ्यासारख्या माणसाने.

घटनेत सभेची जागा आणि वेळ सचिवाने ठरवायची, असं आहे. मी मार्चची सभा रविवारी दुपारी तीनला ठेवली आणि स्थळ लिहिलं: मामांचं घर. नागपूरच्या मुलीला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "काका, फायनली काहीतरी सेन्सिबल!" कार्यकारिणीने आमचं इतकं कौतुक पूर्वी कधी केलं नव्हतं. सहाच्या सहा सभासद आले. मामांनी सगळ्यांसाठी चहा केला आणि स्वतः स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसले. सभासद नसलेल्याने सभागृहात बसू नये म्हणून. स्वतःच्या दिवाणखान्यात! आम्ही हाका मारल्या, तर आतून आवाज आला, "पाहुण्यांशी बोलू नका. कामकाज चालवा."

मी रिकाम्या जागेवर मामांची फेरनेमणूक सुचवली. सहा मतं पडली, सहाही बाजूने. मी आत जाऊन सांगितलं.

"विरोधात किती?"

"शून्य."

"चर्चा?"

"झाली नाही."

"वाईट पद्धत," मामा म्हणाले, पण उठले. नवी नेमणूक म्हणजे सेवाज्येष्ठता पहिल्यापासून, हेही त्यांचंच कलम. त्यामुळे मी आता सर्वांत धाकटा राहिलो नव्हतो आणि मामा अध्यक्षांच्या खुर्चीवर न बसता दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसले. सभाभर ते एक शब्दही बोलले नाहीत. नव्या सभासदाने पहिल्या सभेत बोलायचं नसतं म्हणे. कोण काय बोलतं, तिकडे ते कान लावून ऐकत होते, आवाज आला की तोंड त्या बाजूला वळवत होते, आणि इतके खूश मी त्यांना ग्रंथ वाचतानासुद्धा पाहिले नव्हते.

साडेपाचला सगळे गेले. मी खुर्च्या जागेवर लावत होतो.

"पुढची सभा कुठे?" मामांनी विचारलं.

"इथेच. दुपारी तीन."

"का?"

"इथे हजेरी जास्त होते."

"किती झाली आज?"

"सात."

"सातपैकी?"

"सातपैकी सात."

आकडा बरोबर होता, तेवढ्यावर मामांचं समाधान झालं. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अंधार झाला हो. दिवा लावता जरा?"

खोलीतले दोन्ही दिवे लागलेले होते. मी भिंतीपाशी गेलो, बटण बंद केलं आणि पुन्हा लावलं.

"हां," मामा म्हणाले. "आता बरं झालं."